गाळलेले दिवस

नाही हो काका, मी डॉक्टर नाही. गळ्यात कार्ड दिसलं की सगळ्यांना तसंच वाटतं — मघाशी एक बाई एक्स-रे घेऊन आल्या, मीही तो उजेडाकडे धरून पाहिला, मान हलवली, त्या समाधानाने गेल्या. मी इथे वरच्या मजल्यावर संशोधन करतो. म्हणजे कसं, तुम्ही आलात की तुमचा आजार, गोळ्या, तपासण्या सगळं कॉम्प्युटरमध्ये जातं ना? अशा हजारो लोकांच्या नोंदी चाळायच्या आणि कोणती गोळी कुणाला बाधते ते शोधायचं. पेशंटचं तोंडसुद्धा बघायचं नाही. आईला वाटतं मुलगा नवीन गोळ्या शोधून काढतो. नामपूरला तिची मावसबहीण असते, तिथपर्यंत ही बातमी पोचलीय. — तुम्ही नामपूरचेच? मग ऐकलं असेल.

तुमचं कोण आत? सुनेचं सीझर — वा, आनंद आहे. माझी आई आहे. साखर उतरली. मधुमेहाची गोळी घेते ती. दुपारी देवघरापुढे पडलेली सापडली, तेजश्रीने — बायकोने — रिक्षात घालून आणलं. मी वरून धावत खाली आलो तर आई मला विचारते, आपण कुणाकडचे? चाळीस वर्षांचा मुलगा मी, तिच्या हातचं खाऊन हे पोट सुटलंय, आणि आपण कुणाकडचे. ग्लुकोज चालू आहे. डॉक्टर म्हणाले, सुधारतील, पण मेंदूला किती वेळ साखर मिळाली नाही ते कळत नाही, थांबावं लागेल. म्हणून थांबलोय. तेजश्री घरी गेलीय कपडे आणायला. चहा नको हो, तुम्ही घ्या.

गंमत सांगू? गंमतच म्हणायची. माझा अभ्यास नेमका याच गोळीवर आहे. साखर उतरून कोण कोण दाखल होतं, कधी होतं — मोठा आलेख काढला मी. त्यात महिन्यातून एक दिवस पेशंट एकदम वाढायचे, बरोबर दुपारनंतर. तारीख दर महिन्याला वेगळी, वारही वेगळा. मी डोकं खाजवलं, मुंबईच्या सरांना विचारलं, आणि आम्ही दोघा विद्वानांनी ठरवलं की त्या दिवशी साखर मोजायचं मशीन बिघडत असणार. मग काय, गाळले ते दिवस. आलेख कसा छान गुळगुळीत झाला. परिषदेत दाखवला, टाळ्या पडल्या, आईने घरी औक्षण केलं. आणि आज खाली तो पोरसवदा डॉक्टर आईला सुई टोचता टोचता नर्सला म्हणतो, संकष्टी आहे ना, अजून दोन-तीन येतील बघा. संकष्टी, काका. चंद्र उगवेपर्यंत पोटात काही नाही आणि सकाळची गोळी मात्र वेळेवर. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं, त्याच्याखाली बसून मी रोज चहा पितो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्या गाळलेल्या दिवसांत किती जणांच्या आया होत्या, देव जाणे.

आईला? उपाशीपोटी गोळी घेऊ नये हे तिला कळत नव्हतं का म्हणता? — नाही, तसं मी डॉक्टरांना म्हटलं खरं. त्यांनी विचारलं, उपाशीपोटी गोळी कशी घेतली, तर मी म्हटलं, तिची ती घेते. तोंडातून निघून गेलं. ...तिला चांगलं कळत होतं. सकाळी गोळी डबीत परत ठेवली होती तिने. म्हणाली, आज राहू दे रे, रात्री जेवणाच्या वेळी घेईन. आणि मी — सकाळी सकाळी मिसळ हाणून आलेलो, अंगात संशोधन संचारलेलं — मी म्हटलं, गोळी चुकवणाऱ्यांचे काय हाल होतात ते मला विचार, मी रोज बघतो. पाण्याने उपास मोडत नाही. पेला हातात दिला आणि गिळेपर्यंत समोर उभा राहिलो. मुलगा शिकलेला, म्हणून तिने ऐकलं. एवढ्याचसाठी ऐकलं हो. भीती वाटतेय मला, काका. आता ती पुन्हा कुणाकडचे म्हणाली तर मी काय सांगू तिला —

हो सिस्टर, मीच. मालिनीबाईंचा मुलगा. बोलतेय? काय — मयुरेश म्हणाली? नाव घेतलं माझं? काका, नाव घेतलं तिने. आणि अजून काय म्हणाली? ...त्याला काही बोलू नका, उपास विसरून गोळी माझी मीच घेतली, तो तर घरी नव्हता. असं म्हणाली? आणि तुम्ही? तसंच टाकलंत कॉम्प्युटरमध्ये?

नाही सिस्टर, ते काढा. आई खोटं बोलतेय. मुलाने दिली म्हणून लिहा. उपास आहे हे माहीत असताना दिली. तसा रकाना नसतो, मला सांगू नका, मला माहीत आहे. खाली मोकळी जागा असेल, तिथे लिहा. चला, मी येतो.