तोटीची गाठ

—न्हाई, न्हाई सायेब, तोटीच्या त्या गाठीला हात नका लावू! बसा त्या दगडावर, च्या टाकते. पाणी हाय कळशीत, मंगलनं खालनं आणून दिलंय — शेजारीन माझी, रोज आणती बिचारी. समद्या वस्तीला पाणी, आन् माज्या, ह्या भामाबाईच्या तोटीलाच निस्ता थेंब थेंब — पाणीयोजनेच्या सायबाला, तुमाला बोलावलं ते त्यापायीच न्हवं का? आता तुमीच म्हंता टाकीची जाळी साफ हाय, तिच्या अल्याड-पल्याड ते दाब मोजायचं घड्याळ लावून बगितलं तर काट्यात फरकच न्हाई. मग दाब जातो कुठं?

फडकं? व्हय, हाय की तोटीला. चारपदरी. पाण्यात किडं येत्यात, समदीच बांधत्यात. तुमचं गणित खरं आसंल — निम्मी भोकं बुजली की चौपट दाब खाती म्हंता गाळणी, आन् माजं घर जवळजवळ टाकीच्या बरुबरीनं उंच, हितं दाबच मुळात चिमूटभर. कळतंय मला. धुते की मी! वरनंच धुते, चोळून चोळून — सोडून न्हाई धुत.

का म्हंजी? फडकं सोडून हंड्याच्या तोंडावर बांधा म्हंता, रुंद तोंडातनं निवांत गळंल — मंगलबी हेच म्हंती. पन ही गाठ माज्या मालकानं, प्रशिकच्या बानं बांधल्याली. आपल्या पटक्याचाच तुकडा फाडून. कावीळ झाल्याली त्यांला, डोळं हळदीवानी — म्हनलं पडून ऱ्हावा, तर म्हनले, तू तरी गाळून पी. बांधली, आन् दुपारच्या यष्टीनं भोरला दवाखान्यात गेले. आले न्हाईत. आता मला गाठ सोडता येत न्हाई का? येती. बोटं चालत्यात माजी. पन सोडवत न्हाई, सायेब. लई डाव बसले तोटीम्होरं, रडून उठले.

पोरगा माजा, प्रशिक, म्हनतो, पाणी न्हाई तर हितं ऱ्हायचं न्हाई, माझ्याकडं नसरापूरला चल. त्याचं तरी काय चुकलं? तुमी आज काय सांगता त्यावर हाय समदं — टेम्पो घेऊनच येतोय. ह्या डोंगरात नांदाय आले, ह्याच उंबऱ्यात डोळं मिटायचं व्हतं मला. पन काय करू? तुमीच सांगा.

ऐकलं? हॉर्न वाजला. आला त्यो. हे बगा, फडक्याचं नका सांगू त्याला, एका झटक्यात इळा घालंल. पाणी वर चढत न्हाई, एवढंच सांगा. खोटं कुठं हाय त्यात?

पाना हाय न्हवं पिशवीत? तोटीच काढून द्या मला, गाठीसकट. हं... द्या हिकडं, पदरात बांधते, नसरापूरला माज्यासंगं येऊ दे. जावा आता. च्या ऱ्हाऊ द्या.