वाहता कोळसा

‘वाहणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आधी ध्यानात घ्या: हमाल ओझे वाहतो आणि पाणी वाहते. कल्याणच्या लोखंडाच्या ओतशाळेत भट्टीवर कोळसा चढवण्यासाठी माझे सहकारी सदाशिवराव यांनी फिरत्या चामडी पट्ट्याचा नकाशा काढला, मी बादल्यांच्या साखळीचा. साहेबांनी त्यांचा पसंत केला, तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. चाचणीच्या दिवशी पट्ट्यावरचा कोळसा घरंगळून खाली आला.

मी म्हणालो, “सदाशिवराव, तुमचा पट्टा कोळसा वाहत नाही हो, कोळसाच पट्ट्यावरून वाहतो आहे.”

सारे हसले. त्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे चढ फार झाला म्हणता?”

लोक सांगतात, त्या कोटीमुळे पट्टा जाऊन माझी साखळी बसली. चूक. त्यांनी चढ कमी केला, पट्टा उत्तम चालला, आणि दोष मीच दाखवला असे ते सर्वांना कौतुकाने सांगतात.