दुर्बिणीतून दिसलेला नवरा

मूत्राशयातली गाठ काढायला आलेला रिटायर्ड ड्रायव्हर दवाखान्यातल्या बाकावर बसून शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकत होता.

"साधी गाठ होती म्हणे तुमची. दुर्बीण घालून काढली, एक टाका नाही."

"तू बघितलंस?"

"काल डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं ना. मूत्राशय काय चकचकीत आहे हो तुमचं."

"बरं."

"बरं काय? लग्नापासून ओला टॉवेल पलंगावर टाकताय. मग आत एवढी टापटीप कोणासाठी?"

"मी मुद्दाम नाही ठेवली."

"डॉक्टर कौतुक करत होते. मी काय बोलणार?"

नर्सने ड्रायव्हरला हाक मारली. तो उठला, पण दोन पावलं जाऊन मागे वळून बघू लागला.

"तुमचं बघायला कोण आलंय?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही बसा इथेच. मी यांचं बघून येते."