बर्फाच्या मैदानाचा खड्डा

बसवराज : अक्का, तू फक्त हो म्हण. बाकीचा बंदोबस्त माझ्याकडं.

रुद्राणी : मागच्या भूमिपूजनाला बी तू हेच म्हणला होतास, बसू. एकानं नारळ फोडला, दुसऱ्यानं कुदळ मारली, अन् माझ्या शाळेतल्या पोरींचा स्केटिंगचा सिमेंटचा ओटा गेला.

बसवराज : ओटा काय धरून बसलीस? चाकाचे स्केट घालून गरगर फिरायचं, हा काय खेळ हाय? आपण सेलूत बर्फाचं मैदान करायलोत. आइस रिंक. साऱ्या मराठवाड्यात कुणाकडं हाय सांग.

रुद्राणी : कुणाकडंच न्हाई. तुझ्याकडं बी न्हाई. तुझ्याकडं खड्डा हाय.

बसवराज : मैदानाच्या कमिटीचा अध्यक्ष मी हाय, मला माहीत हाय. मोठ्या कामात अडचणी येतातच. आता विजेचं घे. वीजवाले म्हणले, बर्फाचं मशीन चालवायचं तर अर्ध्या गावाची लाइट बंद ठेवावी लागंल. मी म्हणलं, ठेवा.

रुद्राणी : गाव काय म्हणलं?

बसवराज : गावाला दूरदृष्टी न्हाई.

रुद्राणी : अन् पाणी? नळ आठ दिवसांनी येतो. बाया घागरी घेऊन भांडायल्यात, अन् तू त्याच पाण्याचा बर्फ करून वर घसरणार.

बसवराज : घसरणार न्हाई, अक्का. स्केटिंग करणार.

रुद्राणी : ते मशीन तरी हाय का जाग्यावर?

बसवराज : हाय की. आपल्या कापसाच्या जिनिंगमध्ये, ताडपत्रीखाली. लय सांभाळून ठेवलंय.

रुद्राणी : जाता-येता दिसतं मला. हमाल त्याच्यावर जेवणाचे डबे मांडायलेत.

बसवराज : चालू झाल्यावर न्हाई मांडणार.

रुद्राणी : अन् एप्रिलातली चाचणी?

बसवराज : ते जाऊ दे.

रुद्राणी : का जाऊ दे? बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्यास, भर उन्हात अंथरल्यास, वर पाहुण्याला भाषण करायला लावलंस. भाषण संपलं तवा पाहुण्याची चप्पल चिखलात होती. उरलेल्या लाद्या गोळेवाल्यानं उचलल्या. पोरं अजून म्हणायलीत, अध्यक्षांनी साऱ्या गावाला गोळा खाऊ घातला.

बसवराज : शेजारच्या गावचे मानवतवाले बी हसायलेत, म्हणूनच तर माघार घेता येत न्हाई. इज्जतीचा सवाल झालाय. परवा साहेब यायलेत. पुन्हा भूमिपूजन ठेवलंय.

रुद्राणी : त्याच खड्ड्याचं?

बसवराज : जरा बाजूला. फोटोत नवा दिसला पाहिजे. तू फक्त तुझ्या पोरी स्केट घालून काठावर उभ्या कर. एवढंच मागतो.

रुद्राणी : बसू, शाळा सुटली की पोरी दप्तरासकट पळत यायच्या त्या ओट्यावर. पडायच्या, ढोपरं फोडून घ्यायच्या, पुन्हा उठायच्या. तुझी ऋतुजा जिल्ह्यात पहिली आली ती तिथंच शिकून. ओटा उकरताना तू म्हणलास, उन्हाळ्याआधी बर्फ देतो. मी पोरींना तसंच सांगितलं. रोज विचारायच्या, बाई, कधी? मग विचारायचं सोडून दिलं त्यांनी.

बसवराज : तूच समजावून सांग की. तुझं ऐकतात.

रुद्राणी : आधी घरातलीला विचार. ऋतुजा, बाहेर ये गं. अप्पा बोलवायलेत.

(आतल्या खोलीतून ऋतुजा येते.)

ऋतुजा : काय, अप्पा?

बसवराज : बेटा, परवा तुझे स्केट घालून यायचं. खेळायचं न्हाई, नुसतं उभं ऱ्हायचं साहेबांच्या शेजारी.

ऋतुजा : पायात येत न्हाईत ते.

बसवराज : असं कसं? मी स्वतः आणले होते, मापाचे.

ऋतुजा : आणले तवा मी सातवीत होते. आता दहावीत हाय.

बसवराज : दहावीत? … बरं. नवे घेऊ. आजच घेऊ. कितीचा नंबर लागतो तुला?

ऋतुजा : आधी खड्डा बुजवा, अप्पा. मग सांगते.