दोन पाकळ्यांची झडप

चिमणी: काका, हात लावू? वाळलंय का?

पेंटर: लावलास तर बोट लाल होईल, आणि तुझ्या काकू त्याला जखम समजून पट्टी बांधतील. लांबूनच बघ.

चिमणी: लांबूनसुद्धा धडधडतंय की हो! काकू, उद्या वर्गात आपलाच तक्ता भाव खाणार. बाकीच्या पोरींची हृदयं म्हणजे नुसते कोंब आलेले बटाटे.

बायको: नावं ठेवू नयेत गं कुणाला. घरात पेंटर नसता तर मीही बटाटाच काढला असता.

पेंटर: ऐकलंस, चिमणे? लग्नाला एवढी वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझा काहीतरी उपयोग निघाला.

बायको: पुरे झालं. चिमणी, तू मॅडम हो आणि विचार मला. उद्याचा पाठ चुकला तर वॉर्डात पाठवणार नाहीत, असं सांगून टाकलंय त्यांनी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला एकेचाळीस वर्षांची मी एकटीच. तुम्ही सगळ्या जाल टोप्या घालून, आणि मी बसेन वर्गातल्या सांगाड्याला सोबत करत.

चिमणी: सांगाडा सोबतीला बराय, काकू. उलट उत्तर देत नाही. हं, झाले मी मॅडम. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "बोला. रक्ताचा प्रवास सांगा. घाई नको, पुटपुटणं नको."

बायको: अंगभर फिरून दमलेलं रक्त आधी उजव्या वरच्या कप्प्यात येतं. तिथून खालच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसांत. फुप्फुसांत हवा घेऊन ताजंतवानं झालं की डाव्या वरच्या कप्प्यात परततं, आणि तिथून डाव्या खालच्या कप्प्यात. याची भिंत सगळ्यांत जाड.

चिमणी: "का बरं जाड?"

बायको: कारण सगळ्या घराचा भार याच्यावर. मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत यालाच पोचवायचं असतं. हा आवळला की रक्त महाधमनीत जातं आणि पुढे अंगभर.

चिमणी: "सगळ्या घराचा भार" नका म्हणू मॅडमसमोर, काकू. गुण कापतील.

पेंटर: मी असतो तर त्यावरच गुण दिले असते.

चिमणी: काका, शेवटच्या बाकावर शांतता! "आणि गेलेलं रक्त मागे का फिरत नाही?"

बायको: वाटेवर झडपा असतात. एकाच बाजूला उघडणारी दारं. रक्त पुढे गेलं की आपली आपण मिटतात.

पेंटर: असं एक दार या चिमणीच्या डोक्यात बसवायला हवं. आत गेलेलं सगळं लगेच बाहेर येतं.

चिमणी: बघा हं, वर्गाबाहेर उभं करीन. "पुढे या आणि काठीनं दाखवा. डावा खालचा कप्पा आणि महाधमनी, या दोघांमधली झडप."

बायको: ही. अहो, हिला बाजूला गोलात मोठी करून काढलीत ते फार छान केलंत. तर या झडपेला तीन पाकळ्या... थांब जरा.

चिमणी: काय झालं?

बायको: दोनच आहेत.

चिमणी: अय्या, हो की! काका, गडबड झाली. दोन पाकळ्यांची ती वरची, डाव्या दोन कप्प्यांच्या मधली. ही तीनवाली.

पेंटर: वरचीला दोन दिल्यात की. तिकडे बघ. ही वेगळी. हिलाही दोनच असतात.

बायको: नाही हो, तीन. पुस्तकातलं पान दिलं होतं ना मी तुम्हाला?

पेंटर: ते झेरॉक्सचं पान? त्यात तेवढीच जागा काळीठिक्कर आलेली. म्हणून तर मी माहितीतलं काढलं. मिटलेली असली की सरळ रेघ दिसते आणि उघडली की माशाच्या तोंडासारखी. शेड बघ कशी दिलीय आतून.

चिमणी: माशाचं तोंड? हे कुठल्या धड्यात आहे?

पेंटर: धड्याबिड्यात नसेल. मला डॉक्टरांनी स्वतः काढून दाखवली, कागदावर.

चिमणी: कुठल्या डॉक्टरांनी?

पेंटर: असेच एक. त्यांची पाटी रंगवत होतो.

बायको: पाटी रंगवणाऱ्याला कुणी झडप काढून दाखवतं?

पेंटर: असतात गं काहीजण गप्पिष्ट.

बायको: चिमणी, बाळ, आपण पुढचं उद्या सकाळी वर्गाआधी करू या का?

चिमणी: हो हो, काकू. मलापण घरी... आई वाट बघत असेल. काका, तक्ता खरंच सुंदर झालाय हं. येते मी.

(चिमणी जाते. दार हळूच लोटलं जातं.)

बायको: कुणाची झडप काढली त्यांनी कागदावर?

पेंटर: झडप म्हणजे झडप. ती काय प्रत्येकाची वेगळी असते?

बायको: सगळ्यांची तीन पाकळ्यांची असते.

पेंटर: सगळ्यांची?

बायको: शंभरातल्या एखाद्याला जन्मापासून दोन असतात. मॅडम ओझरतं बोलल्या होत्या. पन्नाशीपर्यंत त्या माणसाला पत्ताही लागत नाही. मग झडप कडक होत जाते, वाट अरुंद होते, आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

पेंटर: हुशार आहेत हं तुझ्या मॅडम.

बायको: अहो, कुणाची काढली?

पेंटर: माझी.

बायको: देवा.

पेंटर: आता मला काय ठाऊक माझीच जगावेगळी आहे म्हणून? ते म्हणाले, "तुमच्या झडपेला दोन पाकळ्या आहेत आणि त्या घट्ट झाल्यात." मी घट्ट तेवढं लक्षात ठेवलं. दोन म्हटल्यावर वाटलं, असतील सगळ्यांनाच दोन. जगाचं हृदय आपल्यासारखंच असणार, असं धरून चाललो.

बायको: जन्मभर तसंच धरून चालत आलात तुम्ही.

पेंटर: चिडलीस?

बायको: कधी गेला होतात त्यांच्याकडे?

पेंटर: शिडीवरचं काम सोडलं ना, त्याच्या आदल्या आठवड्यात.

बायको: शिडीवरचं काम तुम्ही गुडघा दुखतो म्हणून सोडलंत.

पेंटर: हं.

बायको: महिनाभर रोज तेल चोळलं मी त्या गुडघ्याला!

पेंटर: छान वाटायचं.

बायको: पुस्तक उघडं ठेवून गुडघ्याचा एकेक अस्थिबंध दाबून पाहिला मी तुमचा. वाटी हलवून पाहिली. मॅडमना जाऊन विचारलं की सूज नाही, लाली नाही, पाय पूर्ण वाकतो, तरी माणूस कण्हतो, असं कसं? त्या म्हणाल्या, अशी केस मी बघितलीच नाही कधी.

पेंटर: दुसऱ्यांदा चोळायला लागलीस तेव्हा उजवा की डावा तेच विसरलो होतो मी. तूच आठवण केलीस.

बायको: हसू नका. रोज सकाळी देवापुढे हात जोडून काय मागत होते ठाऊक आहे? यांचा गुडघा बरा कर. देवालासुद्धा चुकीचा अवयव सांगत राहिले मी.

पेंटर: त्याला कळतं गं. पत्ता चुकला तरी टपाल बरोबर पोचवतो तो.

बायको: आणि मी ठोके ऐकायचा सराव करायला स्टेथोस्कोपची नळी आणली की हात पुढे करायचात, मनगट घे म्हणायचात. छातीकडे नेली की पळायचात. गुदगुल्या होतात म्हणे!

पेंटर: त्या खरंच होतात.

बायको: शर्टाची बटणं काढा.

पेंटर: आत्ता? आधी तक्ता तरी...

बायको: काढा म्हटलं ना. खुर्चीवर बसा. थोडे पुढे वाका. श्वास सोडा आणि धरून ठेवा. बोलायचं नाही.

पेंटर: काय येतंय ऐकू?

बायको: बोलू नका हो.

पेंटर: बरं.

बायको: पहिला ठोका आहे. मग खरखर. वाळक्या लाकडावर करवत ओढावी तशी. मग दुसरा ठोका... किती पुसट आहे तो. मान वर करा. इथेही येतेय. मानेपर्यंत चढलीय.

पेंटर: पुस्तकात आहे तस्सं?

बायको: अगदी तसंच. इतकं तसंच नको होतं.

पेंटर: म्हणजे नळीत ऐकून ओळखलंस की तू! आणि म्हणतेस, मला वॉर्डात पाठवणार नाहीत.

बायको: चक्कर आली होती कधी? खरं सांगा.

पेंटर: एकदा. शिडीवर नाही, खाली उतरल्यावर. डबा हातात होता, सगळा पिवळा रंग रस्त्यावर. तुला शर्ट दाखवला होता की, सांडला म्हणून.

बायको: मी रागावले होते तुमच्यावर त्या शर्टासाठी.

पेंटर: रागावण्यासारखाच होता तो शर्ट. अगं, रडतेस काय?

बायको: रडत नाही. नाडी मोजतेय. मधे बोललात की चुकते. काय म्हणाले डॉक्टर पुढे?

पेंटर: झडप बदलायची म्हणाले. थांबू नका म्हणाले. मी म्हटलं, बायकोची वार्षिक परीक्षा तेवढी होऊ दे. तर मला विचारतात, "परीक्षा तिची आहे की तुमची?"

बायको: मग?

पेंटर: म्हटलं, एकच आहे.

बायको: तुम्हाला काही कळतं का हो? मघाशी पोपटासारखी बोलले मी, भिंत जाड, भिंत जाड. अरुंद दारातून ढकलून ढकलून ती आणखी जाड होत जाते. आणि मग एक दिवस थकते. परीक्षेपर्यंत दम धर, असं तिला सांगणार आहात तुम्ही? मी उद्या कॉलेजात जाणार नाही. सकाळी आधी त्या डॉक्टरांकडे.

पेंटर: बघ. हे, हेच. म्हणून नाही सांगितलं.

बायको: म्हणजे?

पेंटर: माझ्या आईच्या आजारपणात तुझी पुस्तकं माळ्यावर गेली, ती थेट आपली लेक वसतिगृहात गेल्यावर खाली आली. धूळ मीच पुसली त्यांची. आतल्या पानावर तुझं माहेरचं नाव होतं. मनात म्हटलं, आता ही परत वर जाऊ द्यायची नाहीत. आणि चढवणार तरी कोण? मला शिडी बंद आहे.

बायको: आईंचं मी मनापासून केलं. त्याचं दुःख नाही मला.

पेंटर: तुला नाही, मला आहे. तू हाडांची नावं पाठ करत घरभर फिरतेस ना, तेव्हा तुझ्या तोंडावर जे असतं, ते मला कुठल्याच रंगात काढता आलेलं नाही. ते जाईल अशी भीती वाटली. झडपेची एवढी नाही वाटली.

बायको: आणि तुम्ही नसता, तर कुणाला म्हणून दाखवली असती हाडांची नावं? भिंतीला?

पेंटर: चुकलं माझं.

बायको: चुकलं म्हणू नका. घाबरलो म्हणा. चुकलं म्हटलं की मला माफ करावं लागतं, आणि आत्ता तेवढी फुरसत नाही.

पेंटर: घाबरलो.

बायको: मीही. आता ऐका. उद्या मी पाठ देणार. तक्ता घेऊन तुम्ही बरोबर यायचं, रिक्षानं. पायऱ्या हळूहळू चढायच्या, धाप लागली की थांबायचं, आणि खोटं हसायचं नाही. शेवटच्या बाकावर बसायचं. पाठ झाला की तिथून दोघं डॉक्टरांकडे. तारीख माझ्यासमोर घ्यायची, आणि ती लवकरात लवकरची.

पेंटर: आणि परीक्षा?

बायको: तुमच्या खाटेशेजारी बसून वाचीन. मॅडम पाठवोत न पाठवोत, वॉर्डात मी जाणारच.

पेंटर: पुस्तक मिटायचं नाही हं. कबूल?

बायको: कबूल. आणि तुम्ही यापुढे एकही अवयव दुखतो म्हणून मला फसवायचं नाही. कबूल?

पेंटर: कबूल. दे तो ब्रश इकडे. रंग ओला आहे, तिसरी पाकळी बसवून टाकतो.

बायको: नको. ही राहू द्या.

पेंटर: अगं, गुण जातील तुझे.

बायको: नाही जाणार. शेजारी दुसरा गोल काढा, तीन पाकळ्यांचा. त्याच्याखाली लिहा, "बहुतेकांची". आणि याच्याखाली, "शंभरातल्या एखाद्याची". पाठात दोन्ही सांगेन मी.

पेंटर: ठळक अक्षरात?

बायको: बारीक अक्षरात. घरातली गोष्ट आहे.

पेंटर: बरं. तिन्ही पाकळ्या सारख्या मापाच्या?

बायको: सारख्या. मिटल्यावर मधोमध भेटतात.

पेंटर: अशा?

बायको: अशाच. सुरेख.

पेंटर: एक विचारू? म्हणजे, तुझ्या मॅडमना नाही, तुलाच.

बायको: विचारा की.

पेंटर: झडप बदलताना हृदय थांबवतात म्हणे.

बायको: हो. तेवढा वेळ यंत्र रक्त फिरवतं. मग परत सुरू करतात.

पेंटर: आणि मी? मी तेवढा वेळ कुठे असतो?

बायको: तिथेच. गाढ झोपलेले.

पेंटर: भूल दिलेली असणार. म्हणजे तू बाहेर बसली आहेस की नाही, तेसुद्धा मला कळायचं नाही.

बायको: नाही कळलं तरी मी बसलेली असेनच.