मामांच्या पोटातली हवा

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी, परिचारिका भगिनी आणि समोर दुसऱ्या रांगेत बसलेल्या मामी,

एवढं कौतुक ऐकून कुणाचीही मान ताठ होईल. माझी होत नाहीये. मानपत्रात 'अचूक निदान' असं लिहिलंय. कुणी लिहिलं हो? हसू नका, खरंच विचारतोय.

नव्यांना ठाऊक नसेल, मामा म्हणजे आपल्या एक्स-रे खोलीतले मदतनीस, मामींचे यजमान. तीस वर्षं पेशंटला "श्वास धरा, सोडा" सांगणाऱ्या माणसाची स्वतःची फुप्फुसं दम्यानं पार चाळण झाली होती. सहा वर्षांपूर्वी धाप लागली म्हणून मामींनी त्यांना आणलं. फोटो काढला, तर पोटात मोकळी हवा! आता, मोकळी हवा म्हणजे आतडं फुटलं, ताबडतोब पोट उघडा, हे मीच जन्मभर शिकवत आलो. अध्यक्षबाई तेव्हा माझ्या हाताखाली होत्या. म्हणाल्या, "सर, पोट मऊ आहे. हवा फुप्फुसातून खाली उतरली असेल. थोडं थांबू या." मी खेकसलो, "मला शिकवू नका." मामाही म्हणाले, "डॉक्टर, पोट नाही हो दुखत, दम लागतोय." पण माझ्यापुढे बोलायची कुणाची बिशाद?

पोट उघडलं. आतडं धडधाकट. टाचणीएवढंसुद्धा भोक नाही. हवा वरूनच आली होती. पोट शिवलं, पण भूल दिल्यावर ती फुप्फुसं पुन्हा आपली आपण चाललीच नाहीत. मशीनवरच, नवव्या दिवशी मामा गेले.

इथवर बाईंना माहीत आहे. पुढचं कुणालाच नाही. मामी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर मामांचा चष्मा. "असं कसं झालं हो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आतडं फुटलं होतं. आणायला उशीर झाला." बोललो आणि पुढच्या वॉर्डात गेलो.

तेव्हापासून मामी भेटेल त्याला सांगतात, "मेली मी कपडे धूत बसले, माझ्यामुळे गेले." मलाही सांगतात. आणि मी, अहो, मी मान डोलावतो! सहा वर्षं डोलावतोय. आज बोलून मामींचं काय परत येणार आहे? काही नाही. मलाही हलकं वाटत नाहीये.

संयोजकांचे आभार. मानपत्र इथेच टेबलावर ठेवतो. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. मामी, तुम्ही मात्र मला माफ करू नका. तुम्ही त्यांना वेळेवर आणलं होतं.