न खाल्लेलं क्रीम

हॅलो?… हॅलो, आई? अगं, मीच लावत होते तुला, सारखा एंगेज… मावशीशी? बरं, मग तिला आता पुन्हा लावायला लागणार तुला… नाही, नाही, वाईट काही नाही. धाकटीचं पोट दुखायचं थांबलंय. सकाळी मला टोमणासुद्धा मारला, यावरून समज.

ऐक ना. सापडलं… काय म्हणजे? तिच्या रक्तात एवढी चरबी येते कुठून, ते… नाही गं, बेकरीतून नाही. तेच तर सांगतेय. ती क्रीम चोरून खात नव्हती.

हो, मुळीच नाही… तू तिच्या हातांचा वास घेतला होतास, माहितीये मला. दिवसभर केकवर क्रीम लावणारीच्या हातांना दुसरा कसला वास येणार, आई?

अगं, ऐकून तर घे. मागच्या वेळी हॉस्पिटलातून सोडल्यापासून ती तुझ्याच नजरेखाली होती ना? कामावर नाही, बाहेर नाही. उकडलेल्या भाज्या आणि कोरडा पाव. फ्रिजला कुलूप, किल्ली तुझ्या कमरेला… हो, मग? तरीही या वेळी रक्त काढलं तर नळीत वर दुधासारखा पांढरा थर. डॉक्टरीणबाईंनी मला कुलपाचं दोनदा विचारलं. म्हणाल्या, इतकं पथ्य करूनही असं, मग हे नुसत्या खाण्याचं नाही. त्यावरून पुढच्या तपासण्या. तुझ्या कुलपानंच तिला सोडवलं बघ… नाही, थट्टा नाही करत.

सांगते, सांगते. रोगांशी लढायला आपल्या रक्तात शिपाई असतात ना… हो, अँटीबॉडी, तेच. तिचे शिपाई घरच्यांवरच उठलेत. रक्तातली चरबी साफ करणारं एक प्रथिन असतं, त्यालाच अडवून धरलंय. मग ती साचणार, स्वादुपिंड सुजणार आणि पोट दुखणार, नाही तर काय?… अगं, ते सांधे धरायचे, उन्हात चेहरा लालेलाल व्हायचा, तेही यातलंच. आणि आपण म्हणायचो, कामाचा कंटाळा.

हो, औषध आहे. आजपासूनच. त्या शिपायांना जरा शांत करायचं. मग ते मरणाचं दुखणं पुन्हा यायचं नाही बहुतेक… नाही, लगेच कसं? हळूहळू. पण आई, मला इतका आनंद झालाय, इथे हॉस्पिटलच्या जिन्यातच बसले होते मघाशी.

आई?… हॅलो? ऐकू येतंय का?… कसला आवाज तो?… कुलूप काढतेस? आत्ता?

थांब, थांब. धाकटी काहीतरी म्हणतेय… पथ्य अजून आहेच, म्हणते, कुलूप राहू दे… अगं, खरंच, तीच म्हणाली. फक्त किल्ली आता तिच्याकडे द्यायची म्हणते.

आई… अगं, रडू नकोस. मला कशाला सांगतेस हे सगळं? तिलाच सांग. केव्हाची फोनसाठी हात पुढे करून बसलीय. घे गं… आई आहे. बोल.